आधी चहातली साखर, भाकरी सगळ्यात शेवटी: सोलापुरात लो-कार्ब सुरू करताना

लो-कार्ब, म्हणजे कार्ब (पिष्ट आणि साखर) कमी असलेला आहार, म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "मग भाकरी बंद का?" नवखा माणूस खरंच पहिल्याच दिवशी भाकरी बंद करतो आणि चहा मात्र दोन चमचे साखरेचाच पीत राहतो. भाकरी गेली की आमटी, शेंगाचटणी, भरलं वांगं कशाशी खायचं हेच कळत नाही. जेवण अर्धवट राहतं, संध्याकाळी सहाच्या सुमारास हात चिवड्याच्या डब्यात जातो आणि आठवड्याच्या आत सगळं गुंडाळलं जातं. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी साखर घातलेली पेयं, मग नाष्टा आणि अधलंमधलं खाणं, मग भात. भाकरी सगळ्यात शेवटी, आणि तीही बंद नाही, मोजून.

किती कमी म्हणजे कमी

आपल्या रोजच्या ताटात दिवसाला ३५० ग्रॅमच्या आसपास कार्ब सहज होतात. चार कप चहातली आठ चमचे साखर ४० ग्रॅम, प्लेटभर पोहे ४५, दोन्ही वेळच्या मिळून चार मऊ भाकऱ्या १६०, दोन वेळचा थोडाथोडा भात ७०, वर आमटी, दूध, एखादं केळ. हे कुणाला जास्त वाटत नाही, कारण यात गोडाचा एकही पदार्थ नाही.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलात की त्याला साधारण लो-कार्ब म्हणतात. ५० च्या खाली गेलं की शरीर चरबीपासून कीटोन बनवून त्यावर चालू लागतं. तो कीटो आहार. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला होता. मोबाइलवर बघून घरच्या घरी करण्याची ती गोष्ट नाही. सुरुवातीला १०० ते १३० ग्रॅम हे लक्ष्य ठेवा. त्यात एक-दीड भाकरी बसते.

गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कार्ब निम्मे केले आणि डोस तोच ठेवला, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी लो-कार्बचा नियम बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, १५ मिनिटांनी साखर मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कार्ब फार कमी केले तर रक्तात कीटोनचं आम्ल साठतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर आकड्यावर विसंबू नका. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर उतरण्याची भीती कमी, पण डॉक्टरांना सांगायचं तेव्हाही चुकवू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही पहिल्या महिनाभरात बदलावा लागू शकतो. उठताना चक्कर येत असेल तर दाब मोजून घ्या.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, टाइप १ मधुमेही, मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी स्वतःहून हा आहार सुरू करू नये. बाकीच्यांनी सुरुवातीला एचबीए१सी (साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्यावं, म्हणजे तीन महिन्यांनी ताडून बघता येतं.

तलफ कशाची येते, ते ओळखा

मध्यरात्री उठून कोरडी भाकरी कुणी खात नाही. बिस्किटांचा पुडा मात्र संपतो. तलफ लावणारे पदार्थ ठरावीक असतात: साखर, मैदा, आणि ज्यात पीठ-साखरेबरोबर तेल-तूप आणि मीठ आहे ते सगळं. खारी, टोस्ट, फरसाण, भजी, पाव, आइस्क्रीम. हे फारसे चावावे लागत नाहीत, भराभर पोटात जातात. रक्तातली साखर झपकन वर जाते, इन्सुलिन सुटतं, दोन-तीन तासांत साखर खाली येते आणि भूक नसताना पुन्हा खावंसं वाटतं. शिवाय मेंदूला त्या सुखाची सवय लागते. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, ठरावीक वास आला की हात आपोआप जातो.

याला व्यसन म्हणायचं का यावर तज्ज्ञांत एकमत नाही. येल विद्यापीठात अ‍ॅशली गियरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अन्नाच्या व्यसनासाठी प्रश्नावली तयार केली, पण आजारांच्या अधिकृत यादीत ते अजून नाही. नाव काहीही द्या, खुणा ओळखता येतात. ठरवल्यापेक्षा नेहमी जास्त खाल्लं जातं, पोट भरल्यावरही थांबता येत नाही, घरच्यांच्या नकळत खाल्लं जातं, आणि बंद केलं की दोन दिवस चिडचिड, डोकेदुखी होते. यातलं एखाद-दुसरं बहुतेकांना लागू पडेल. पण थोड्याच वेळात प्रचंड खाणं, त्यानंतर अपराधी वाटणं, मुद्दाम उलटी काढणं असं होत असेल तर आहार बदलण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथे कडक बंधनांनी त्रास वाढतो.

पहिले तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा

एक छोटी वही आणि स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा, एवढं पुरे. काय खाल्लं, किती वाजता, आणि खाताना खरंच भूक होती का, हे लिहा. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा आहे. भुकेशिवाय खाल्लेल्या नोंदींखाली रेघ मारा. कापायची सुरुवात तिथूनच होते.

पीठ एकदा तरी वजन करून घ्या. एका भाकरीला परातीत किती पीठ घेता हे हाताला माहीत असतं, आकड्यात माहीत नसतं. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम कार्ब असतात. तांदळात ७८, कणकेत ६४, बाजरीत ६२. या आकड्यांत तंतू धरलेले नाहीत. नीट पाहिलं तर कळेल की पोळी सोडून भाकरीवर आलं म्हणून कार्ब कमी होत नाहीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी या वाणाची चव तिचीच. पण ती खाल्ली तरी कार्ब तेवढेच. ज्वारीत तंतू भरपूर आहेत, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा खरा फायदा.

कडक भाकरीचा हिशेब

इथे बहुतेकांची गफलत होते. कडक भाकरी हलकी, पापडासारखी. म्हणून ती "काही नाही" असं धरून तीन-चार मोडल्या जातात. पण मऊ भाकरीच्या वजनात बरंच पाणी असतं, कडक भाकरीतलं पाणी तव्यावर आणि नंतर वाळताना उडून गेलेलं असतं. म्हणजे काट्यावर ४० ग्रॅम भरलेली कडक भाकरी म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम पीठच, २५ ते २७ ग्रॅम कार्ब. १०० ग्रॅमच्या मऊ भाकरीत पीठ साधारण ६० ग्रॅम, कार्ब ४०. वजनाला वजन धरलं तर कडक भाकरीच जड.

तरीही सुरुवात करणाऱ्याला कडक भाकरी सोयीची, कारण ती मोजता येते. एक भाकरी वेगळी काढून ताटात ठेवायची, चवड समोर ठेवायची नाही. आमटीत कुस्करून खाल्ली तर ती फुगते, ताट भरल्यासारखं दिसतं पण चावणं कमी होतं आणि घाईत दुसरी कुस्करली जाते. तोडून, चावून, कालवणाबरोबर खा.

आता क्रमाने

*पहिला आठवडा: पेयं.* चहातली साखर एकदम बंद करू नका. दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. तीन-चार आठवड्यांत बिनसाखरेचा चहा जमतो आणि मग पूर्वीचा चहा तोंडात धरवत नाही. गुळाचा चहा ही सुटका नाही, गुळात १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम कार्ब असतात. कोल्ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस मात्र पहिल्या दिवशीच बंद. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की रसवंतीचा मोह होतो, पण एका ग्लासात २५ ते ३० ग्रॅम साखर जाते. त्याजागी मठ्ठा किंवा साखर न घातलेलं लिंबू-मीठ पाणी.

*दुसरा आठवडा: नाष्टा.* पोहे, उपमा, सुशीला, इडली, पावचटणी या सगळ्यांत एकच अडचण: पिष्ट भरपूर, प्रथिनं नावाला. सुशीलाचे चुरमुरे हलके दिसतात, पण तो फुगवलेला तांदूळच. साडेआठला खाल्लं की अकराला भूक. बदली म्हणून दोन अंड्यांचं ऑम्लेट, किंवा १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, किंवा ४० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी आणि वाटीभर दही. धिरड्यात २० ग्रॅमच्या आसपास कार्ब जातात, चालतं. धपाट्यात ज्वारी, कणीक, बेसन तिन्ही असतात. एक धपाटं म्हणजे एक भाकरी असं वहीत मांडा आणि त्या जेवणातली भाकरी वजा करा.

याच आठवड्यात संध्याकाळची पाच ते सातची वेळ सांभाळा. बाजारात, मंडईत उपाशीपोटी जाऊ नका. भज्यांच्या कढईजवळ ठरवलेलं सगळं विरतं. घरून निघताना मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, भाजलेल्या शेंगा आणि ग्लासभर ताक घ्या. शेंगांतून ४ ग्रॅम कार्ब आणि ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूठ मोजून वाटीत काढा, बरणी मांडीवर घेऊन बसू नका. १०० ग्रॅम शेंगा म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी, आणि त्या बोलता बोलता संपतात. तलफ आलीच तर घड्याळ बघून १५-२० मिनिटं दुसऱ्या कामात घालवा, बहुतेक वेळा ती ओसरते. खारी, टोस्ट, फरसाण घरात आणूच नये हे सगळ्यात सोपं. घरातल्यांसाठी आणावं लागलं तर वरच्या फळीवर, न दिसणाऱ्या डब्यात.

यंत्रमागावर किंवा कुठेही रात्रपाळी असेल तर ही तलफ पहाटे तीनला येते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, त्यात पाळीतला चहा-बिस्किटांचा रिवाज. डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा मोडाची मटकी न्या. दिवसा सलग सहा-सात तास झोप मिळत नसेल तर आधी ती सावरा, आहार नंतर.

*तिसरा आठवडा: भात.* रात्रीचा भात आधी, मग दुपारचा. आमटी-भाताची सवय असेल तर आमटी वाटीत घेऊन प्या. तुरीच्या डाळीतही निम्मे कार्ब असतात, म्हणून २५ ग्रॅम डाळीची एक वाटी धरा, १४ ग्रॅम. पिठलं, झुणकाही याच हिशेबात.

*चौथा आठवडा: भाकरी.* दुपारी एक, रात्री अर्धी. ताटातली मोकळी झालेली जागा भाजीने भरायची, आणि दोन चमचे नव्हे, दोन वाट्या. मेथी, शेपू, पालक, चुका, अंबाडी, दोडका, दुधी, वांगं, भेंडी, गवार, कोबी, फ्लॉवर मनसोक्त खा. बटाटा, रताळं, मक्याचं कणीस भाकरीत मोजा. भाजीला दोन चमचे तेल घालायला घाबरू नका. कार्ब आणि तेल दोन्ही एकदम कमी केलं की पोटात काही टिकत नाही आणि आठव्या दिवशी माणूस मोडतो. म्हणून तुपाच्या वाट्या प्याव्यात असंही नाही.

प्रथिनं वजनाच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम हवीत. ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. शाकाहारी घरात हीच खरी अडचण आहे, कारण आपण डाळीवर विसंबतो आणि डाळीबरोबर कार्ब येतात. ५० ग्रॅम सुक्या सोयावडीतून २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. शिवाय पनीर, घट्ट दही, मोडाची कडधान्यं. मांसाहारी घरात मटणाचा रस्सा चालतो. रस्सा दाट करायला भाजलेलं बेसन घालत असाल तर ते बंद करून शेंगाकूट आणि सुकं खोबरं वाढवा. शेंगाचटणीचे दोन मोठे चमचे जेवणात बिनधास्त घ्या, ४ ग्रॅमही कार्ब होत नाहीत.

जेवताना आधी काकडी-कांदा आणि भाजी, मग अंडं, पनीर किंवा दही, आणि भाकरी शेवटी. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी चढते.

एका दिवसाचं ताट

सकाळी बिनसाखरेचा चहा, दिवसभरात तीन कप: ७ ग्रॅम. कांदा-टोमॅटो घालून दोन अंड्यांचं ऑम्लेट: ६. दुपारी एक कडक भाकरी २७, वाटीभर आमटी १४, शेपूची भाजी दोन वाट्या ५, दही ६, काकडी-कांदा ५, शेंगाचटणी ४. संध्याकाळी भाजक्या शेंगा आणि ताक ८. रात्री अर्धी भाकरी १३, पनीर घालून पालक ८, वर एक पेरू ८. एकूण १११.

फळांत पेरू, पपई बरी. द्राक्षं, केळी, सीताफळ पहिला महिना नको. आपल्याकडचं डाळिंब गोड आहे; अर्धी वाटी दाणे चालतील, रस नको.

पहिल्या पंधरा दिवसांत काय बिघडतं

डोकं दुखतं, पायात गोळे येतात, गळून गेल्यासारखं वाटतं. बहुतेक लोक म्हणतात, "मला भाकरीशिवाय झेपत नाही." खरं कारण मीठ कमी पडणं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम आणि पाणी बाहेर टाकतात. सोलापूरच्या उन्हात घामानेही ते जातं. दाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर पहिले पंधरा दिवस दोन ग्लास ताक, प्रत्येकात पाव चमचा मीठ. आजार असेल तर मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका. पाणी अडीच-तीन लिटर.

पोट साफ होत नसेल तर पालेभाजी कमी पडते आहे. चमचाभर जवसाची पूड किंवा रात्री इसबगोल घ्या.

पहिल्या आठवड्यात वजन दीड-दोन किलो उतरलं तर हुरळून जाऊ नका. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. एका लग्नाच्या जेवणात ते परत येतं, तेव्हाही खचू नका. आठवड्यातून एकदाच वजन करा आणि बेंबीजवळ कमरेचा घेर मोजा. घेर जास्त खरं सांगतो.

उपवास, गड्डा आणि हुरडा

श्रावणी सोमवार आणि एकादशी हे या आहाराचे सगळ्यात अवघड दिवस. ५० ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ४४ ग्रॅम कार्ब, वर बटाटा. उपवासाला शेंगदाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, पनीर, ताक घेतलं तर दिवस नीट जातो. आमटीबरोबर भगर हवीच असेल तर शिजलेली अर्धी वाटी.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, तिथली पेठ, संक्रांतीचे तिळगूळ आणि शेंगपोळ्या एकत्र येतात. त्याच सुमारास हुरडा. या दिवसांत कडक पाळायला जाऊ नका, पण आधी ठरवा: कोणता दिवस, कोणतं एक जेवण. त्या जेवणात पोटभर खा. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका, नेहमीच्या ताटावर या. हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच आहे, त्याबरोबर साखररेवडी नको. दही आणि चटणीशी खा. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, हरभरा, पावटा असतो, ती दोन वाट्या खाऊन बाजरीची भाकरी अर्धी घ्या.

तीन महिन्यांनी

त्याच तपासण्या पुन्हा करा. एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्याआधी करून उपयोग नाही. ट्रायग्लिसराइड बहुतेकांचं उतरतं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र काहींचं बरंच वाढतं. तसं झालं तर तूप, लोणी, मलई कमी करून शेंगा, जवस, मासे यांवर या आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा.

मग स्वतःची मर्यादा शोधायची. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी साखर मोजा, एक पूर्ण भाकरी नेहमीच्या कालवणाबरोबर खा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. मधुमेह नसेल तर १४० च्या आत राहायला हवी. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी दिलेला आकडा धरा. आत राहिली तर आठवडाभर तेवढी भाकरी ठेवा आणि कमरेचा घेर बघून दीडवर जा. वर गेली तर अर्धी कमी करून त्याच वेळी, त्याच कालवणाबरोबर पुन्हा मोजा; वेळ आणि कालवण बदललं तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.